‘क्लोरीनचा वास’ आणि लहान मुलांचा तलाव

उन्हाळ्याची किंवा दिवाळीची सुटी लागली की मुलांना घेऊन दोन दिवस कुठेतरी जाऊन यायचे, ही आता केवळ मोठ्या शहरांतल्या कुटुंबांचीच रीत राहिलेली नाही. पूर्वी सुटी म्हणजे आजोळ, आणि पाण्यात डुंबायचे ते विहिरीत, ओढ्यात नाहीतर समुद्रात. आता विरार-अर्नाळ्यापासून कर्जत-खोपोलीपर्यंत रिसॉर्ट उभी आहेत आणि त्या प्रत्येकाचे मुख्य आकर्षण म्हणजे पाणी. घसरगुंड्या, कृत्रिम लाटांचा तलाव आणि लहानांसाठी उथळ तलाव हे सारे एकाच आवारात असलेले जलोद्यान ही कल्पना तशी अलीकडचीच. अमेरिकेत ऑर्लँडो येथे १९७७ साली जॉर्ज मिले यांनी ‘वेट एन वाइल्ड’ सुरू केले, तेथून ती जगभर पसरली. मुंबईजवळ गोराईला १९९८ मध्ये ‘वॉटर किंगडम’ आले. आज शाळांच्या सहलीही जलोद्यानात जातात. म्हणून हा विषय जितका पालकांचा, तितकाच शिक्षकांचाही आहे.

अशा ठिकाणी मुलांच्या तलावाजवळ गेले की पुष्कळदा एक उग्र वास नाकाला झोंबतो. बरोबरची मोठी माणसे एकमेकांना सांगतात, “क्लोरीन भरपूर टाकलाय, म्हणजे पाणी चांगलं आहे.” हा समज सार्वत्रिक आहे. आमचा पाण्याच्या रसायनशास्त्राशी रोजचा संबंध असल्याने हा प्रश्न आम्हाला अनेकदा विचारला जातो, आणि उत्तर ऐकून विचारणारा बहुधा चकित होतो. कारण ज्या तलावात क्लोरीनचे काम नीट चालले आहे, त्या तलावाला वास जवळजवळ येत नाही. उग्र वास येतो तो क्लोरीन खर्ची पडल्याचा. असे का होते, आणि त्याचा त्रास सर्वात आधी लहान मुलांनाच का होतो, हे आपण पाहूया.

पाण्यातला क्लोरीन काय करतो?

आपल्या खेड्यांत जलसुरक्षक विहिरीत किंवा टाकीत टीसीएल पावडर टाकतो, हे बहुतेक शिक्षकांनी पाहिलेले असेल. टीसीएल म्हणजे ‘ट्रॉपिकल क्लोराइड ऑफ लाइम’, उष्ण हवेत टिकावी म्हणून अधिक चुना घालून बनवलेली विरंजक चूर्णाची, म्हणजे ब्लीचिंग पावडरची, एक जात. ताज्या पावडरीत वजनाच्या सुमारे एक तृतीयांश क्लोरीन उपलब्ध असतो. तरणतलावात हीच पावडर, किंवा द्रवरूप सोडियम हायपोक्लोराइट, किंवा क्लोरीन सोडणाऱ्या गोळ्या वापरतात. यांपैकी काहीही टाकले तरी पाण्यात शेवटी एकच महत्त्वाचा पदार्थ तयार होतो. त्याचे नाव हायपोक्लोरस आम्ल.

या आम्लाचा काही भाग पाण्यात विघटित होऊन हायपोक्लोराइट आयन बनतो. दोन्ही मिळून जो क्लोरीन होतो त्याला ‘मुक्त क्लोरीन’ म्हणतात. पण जंतू मारण्याच्या कामात दोघांची बरोबरी नाही. हायपोक्लोरस आम्लाच्या रेणूवर विद्युतभार नसतो, त्यामुळे तो जीवाणूच्या ऋणभारित पृष्ठभागातून सहज आत शिरतो. हायपोक्लोराइट आयन स्वतःच ऋणभारित असल्यामुळे त्याला तेथून ढकलले जाते. कामाचा खरा वाटा म्हणूनच आम्लाचा.

आता या दोघांचे प्रमाण ठरते ते पाण्याच्या पीएचवर (सामूवर). पीएच ७.५ च्या आसपास असताना दोघे साधारण निम्मे निम्मे असतात. तो ८.५ वर गेला की आम्लाचा वाटा दहा टक्क्यांच्या आत येतो. याचा अर्थ असा, की दोन तलावांत मुक्त क्लोरीन अगदी सारखा भरला, तरी एकात जंतू पाचपट जोमाने मरत असतील आणि दुसऱ्यात ते निवांत असतील. चुनायुक्त पावडर टाकत राहिल्याने पीएच वाढत जातो, हेही येथे ध्यानात घ्यावे. म्हणून तरणतलावात पीएच सर्वसाधारणपणे ७.२ ते ७.८ यांच्या दरम्यान आणि मुक्त क्लोरीन लिटरमागे १ ते ३ मिलिग्रॅम ठेवावा असा दंडक आहे. एवढ्या क्लोरीनचा वास जेमतेम येतो.

मग वास कशाचा?

माणूस पाण्यात उतरला की तो एकटा उतरत नाही. त्याच्याबरोबर घाम, त्वचेवरचे तेल, खोबरेल, पावडर आणि मुले असतील तर मूत्रही पाण्यात उतरते. घाम आणि मूत्र यांत युरिया आणि थोडा अमोनिया असतो. या नायट्रोजनयुक्त पदार्थांशी मुक्त क्लोरीनची अभिक्रिया होऊन क्लोरामाइन वर्गातील संयुगे तयार होतात. अमोनियाच्या रेणूतील हायड्रोजनच्या जागी क्लोरीनचा एक, दोन किंवा तीन अणू बसले की अनुक्रमे मोनो-, डाय- आणि ट्रायक्लोरामाइन मिळते. यातला जो क्लोरीन असतो त्याला ‘संयुक्त क्लोरीन’ म्हणतात. जंतू मारण्याची त्याची ताकद मुक्त क्लोरीनच्या मानाने फारच कमी.

आपण ज्याला क्लोरीनचा वास म्हणतो तो मुख्यतः या क्लोरामाइनांचा. त्यातही ट्रायक्लोरामाइन पाण्यात फार वेळ राहत नाही. ते चटकन हवेत उडते आणि पाण्याच्या पृष्ठभागालगत साठते. डोळे चुरचुरणे, घसा खवखवणे, खोकला येणे हा त्याचाच प्रताप. गुडघाभर पाण्यात बसलेल्या मुलाचे नाक पाण्यापासून वीतभर अंतरावर असते. काठावर खुर्ची टाकून बसलेल्या पालकांपर्यंत जेवढा वास पोहोचतो, त्याहून कितीतरी अधिक त्या मुलाच्या श्वासात जातो.

मूत्राची गोष्ट अतिशयोक्तीची वाटेल. पण कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी २०१७ साली ती मोजून दाखवली. त्यांची युक्ती सुरेख होती. शीतपेयांत व खाद्यपदार्थांत ॲसिसल्फेम-के नावाचा कृत्रिम गोडवा वापरतात. तो शरीरात न बदलता मूत्रावाटे बाहेर पडतो आणि तलावाच्या पाण्यात टिकतो. त्याचे प्रमाण तीन आठवडे मोजत राहिल्यावर ८ लाख ३० हजार लिटरच्या एका तलावात सुमारे ७५ लिटर मूत्र मिसळले असल्याचा अंदाज निघाला. हा तलाव काही विशेष अस्वच्छ नव्हता, नेहमीसारखाच सार्वजनिक तलाव होता.

लहान तलावाचे गणित

आता आपण एक सोपे गणित करू. वर्गात फळ्यावरही ते करता येईल.

एक मोठा तलाव घ्या, २५ मीटर लांब, १० मीटर रुंद आणि सरासरी दीड मीटर खोल. त्यात ३७५ घनमीटर, म्हणजे ३ लाख ७५ हजार लिटर पाणी मावते. त्यात ७५ माणसे उतरली तर माणशी ५,००० लिटर पाणी आले. शेजारी मुलांचा तलाव आहे, ६ मीटर लांब, ५ मीटर रुंद आणि ४० सेंटिमीटर खोल. त्यात १२ घनमीटर, म्हणजे १२ हजार लिटर पाणी. सुटीच्या दिवशी त्यात ३० मुले असणे मुळीच अवघड नाही. दर मुलामागे पाणी फक्त ४०० लिटर.

समजा दोन्हीकडे प्रत्येकाकडून ५० मिलिलिटर, म्हणजे चहाचे दहा चमचे मूत्र पाण्यात मिसळले. एक लिटर मूत्रात ६ ग्रॅम नायट्रोजन आहे असे धरू. मोठ्या तलावात लिटरमागे ०.०६ मिलिग्रॅम नायट्रोजन वाढेल, तर लहान तलावात ०.७५ मिलिग्रॅम. एक भाग अमोनियातील नायट्रोजन पूर्णपणे नष्ट करायला सैद्धांतिक हिशेबाने ७.६ भाग क्लोरीन लागतो. युरियालाही साधारण हाच हिशेब लावला, तर मोठ्या तलावाची लिटरमागे गरज झाली सुमारे अर्धा मिलिग्रॅम. तेथे मुळात असलेला क्लोरीन ती सहज भागवील. लहान तलावाची गरज झाली ५.७ मिलिग्रॅम. असलेला १ ते ३ मिलिग्रॅम क्लोरीन तिला पुरणारच नाही.

प्रत्यक्षात युरियाची अभिक्रिया सावकाश चालते, त्यामुळे हे सारे एका क्षणात घडत नाही. दिवसभरात मात्र हिशेब चुकता होतो. गाळणी येथे मदतीला येत नाही, कारण युरिया पाण्यात विरघळलेला असतो आणि वाळूच्या थरातून तो सरळ पार होतो.

त्यात उन्हाची भर पडते. सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांनी हायपोक्लोराइटचे विघटन होते. भर दुपारी उघड्या तलावातला निम्म्याहून अधिक मुक्त क्लोरीन तासाभरात नाहीसा होऊ शकतो. चाळीस सेंटिमीटर खोल पाण्यात ऊन तळापर्यंत पोहोचते. यावर उपाय म्हणून सायन्यूरिक आम्ल घालतात. ते क्लोरीनला धरून ठेवते, त्यामुळे तो उन्हात टिकतो. पण धरून ठेवलेला क्लोरीन जंतूंवरही तितक्या तत्परतेने धावून जात नाही, म्हणून हे आम्ल बेताचेच हवे.

उथळ, उबदार, उन्हातला आणि गर्दीचा, असा हा मुलांचा तलाव. रिसॉर्टमध्ये सर्वात अधिक देखरेख ज्याला हवी, तो हाच.

गिळलेल्या पाण्याचे मोजमाप

मुले पाणी गिळतात हे आईला सांगावे लागत नाही. पण किती गिळतात? अमेरिकेतील संशोधक आल्फ्रेड डुफूर व त्यांचे सहकारी यांनी २००६ साली हे मोजले. वर उल्लेख केलेले सायन्यूरिक आम्लच त्यांच्या कामी आले. पोटात गेलेले हे आम्ल शरीरात न बदलता मूत्रावाटे बाहेर पडते. पोहून आलेल्या ५३ जणांचे पुढच्या चोवीस तासांतले मूत्र जमवून त्यातले हे आम्ल मोजले, की किती पाणी पोटात गेले याचा हिशेब लागतो. पाऊण तासात प्रौढांनी सरासरी १६ मिलिलिटर पाणी गिळले होते, तर मुलांनी ३७ मिलिलिटर. म्हणजे दुपटीहून अधिक. मुलाचे वजन प्रौढाच्या तिसऱ्या हिश्श्याइतके धरले, तर दर किलोमागे हा फरक जवळजवळ सातपट होतो.

याचा परिणाम काय होऊ शकतो ते १९९८ साली अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात दिसले. तेथील एका जलोद्यानात मुलांच्या तलावातून ई. कोलाय जीवाणूच्या एका घातक प्रकाराचा संसर्ग २६ जणांना झाला. त्यांतील काहींच्या मूत्रपिंडांवर परिणाम झाला आणि एक बालक दगावले. तलावातला क्लोरीन पुरेसा राखला गेला नव्हता, असे तपासात आढळले. यातली लक्षात ठेवण्याची बाब अशी, की लिटरमागे १ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन आणि योग्य पीएच असेल तर हा जीवाणू एका मिनिटाच्या आत मरतो. जे एका मिनिटाचे काम होते, ते करायला क्लोरीन तेथे शिल्लक नव्हता.

क्लोरीनला दाद न देणारा

सगळेच रोगजंतू मात्र इतके दुबळे नसतात. त्याच परिस्थितीत जिआर्डियाला मरायला सुमारे पाऊण तास लागतो. आणि क्रिप्टोस्पोरिडियम नावाच्या परोपजीवीचे कवचधारी रूप दहा दिवसांहून अधिक काळ तग धरते. १९९३ साली अमेरिकेतील मिलवॉकी शहरात याच जीवाने नळाच्या पाण्यातून सुमारे चार लाख लोकांना जुलाब लावले, तेव्हा जगाचे त्याच्याकडे लक्ष गेले.

आपल्याकडच्या रिसॉर्टमध्ये ‘रेन डान्स’ हा हमखास कार्यक्रम असतो. वरून कारंजी उडतात, खाली मुले नाचतात. येथे तलाव नाही म्हणून धोकाही नाही, असे वाटते. न्यूयॉर्क राज्यात २००५ साली नेमके अशाच एका तुषार-उद्यानात क्रिप्टोस्पोरिडियमची साथ पसरली आणि तीन हजारांहून अधिक लोक आजारी पडले. मुलांच्या अंगावरून वाहिलेले पाणी खालच्या टाकीत जमत होते आणि तेच पुन्हा वर उडवले जात होते. त्यानंतर त्या राज्याने अशा ठिकाणी पाण्यावर अतिनील किरणांची प्रक्रिया सक्तीची केली, कारण जो जीव क्लोरीनला भीत नाही तो अतिनील किरणांपुढे टिकत नाही.

कारंज्याचे पाणी एकदा वापरून सोडून दिले जाते की टाकीतून पुन्हा फिरवले जाते, हा प्रश्न म्हणून विचारण्याजोगा आहे. फिरवण्यात गैर काही नाही. मे महिन्यात गावोगाव टँकर धावत असताना पाणी पुन्हा वापरणेच योग्य. मात्र फिरवलेले पाणी प्रत्येक फेरीत शुद्ध व्हायला हवे.

वास आला तर काय करावे?

वास येतो म्हणून क्लोरीन कमी करा, असे कोणी सुचवले तर ते उलटे औषध ठरेल. मुक्त क्लोरीन अपुरा असतो तेव्हाच क्लोरामाइन साचत जातात. क्लोरीन पुरेशा प्रमाणात वाढवला तर एक टप्पा असा येतो, की क्लोरामाइनांचेही विघटन होऊन नायट्रोजन वायू निघून जातो आणि वास नाहीसा होतो. हे काम माणसे पाण्यात नसताना, रात्री करायचे असते. जोडीला काही पाणी बदलून ताजे घालावे लागते. हे झाले व्यवस्थापकाचे काम.

आपण, म्हणजे पालकांनी आणि सहल नेणाऱ्या शिक्षकांनी, तीन प्रश्न विचारावेत. आज मुक्त क्लोरीन आणि पीएच किती वाजता मोजला व किती आला? मुलांच्या तलावातले सगळे पाणी गाळणीतून फिरायला किती तास लागतात? मुलांच्या तलावाची नोंदवही वेगळी आहे का? या प्रश्नांना चटकन उत्तर देणारा व्यवस्थापक भेटला, तर निम्मी काळजी मिटली असे समजावे. शिवाय डोळ्यांनी एक तपासणी करावी. तळावरची जाळी स्वच्छ दिसते का ते पाहावे. गढूळ पाण्यात क्लोरीन वाया जातो, आणि तळाशी गेलेले मूलही त्यात दिसत नाही.

उरलेली जबाबदारी आपलीच आहे. पाण्यात उतरण्यापूर्वी मुलांना साबण लावून आंघोळ घालावी. खोबरेल चोपडून तलावात सोडू नये. दर तासाला सर्वांना बाहेर काढून लघवीला न्यावे. वर्गाच्या सहलीत शिट्टी वाजवून हे सहज करता येते. लंगोट बांधलेल्या बाळाचा लंगोट तलावाच्या काठावर बदलू नये. आणि ज्या मुलाला जुलाब होत आहेत त्याने पाण्यात उतरू नये. क्रिप्टोस्पोरिडियमचा संसर्ग असल्याचे निष्पन्न झाले असेल, तर जुलाब थांबल्यावरही दोन आठवडे. आगाऊ भरलेले पैसे वाया जातील म्हणून आजारी मुलाला नेणे हा दुसऱ्यांच्या मुलांवर अन्याय आहे.

वर्गात करून पाहण्यासारखे

ग्रामपंचायतीकडे किंवा आरोग्य सेवकाकडे पाण्यातला क्लोरीन पाहण्याची ओटी चाचणीची पेटी असते. पाण्यात या द्रावणाचे काही थेंब टाकले की क्लोरीनच्या प्रमाणात पिवळा रंग येतो. ऑर्थोटोलिडिन हा पदार्थ अपायकारक असल्याने द्रावण शिक्षकांनीच हाताळावे, हातमोजे घालावेत आणि चाचणी झालेले पाणी कोणाच्या हाताला लागू देऊ नये.

पहिला प्रयोग उन्हाचा. बादलीभर पाण्यात चिमूटभर टीसीएल पावडर कालवून चुना खाली बसू द्यावा आणि वरचे नितळ पाणी दोन पसरट थाळ्यांत घ्यावे. एक थाळी उन्हात, दुसरी सावलीत झाकून ठेवावी. सुरुवातीला, अर्ध्या तासाने आणि एका तासाने दोन्हींची ओटी चाचणी करून रंगांची तुलना करावी.

दुसरा प्रयोग संयुक्त क्लोरीनचा. तेच नितळ पाणी थंड करून दोन भांड्यांत घ्यावे आणि एकात नवसागराचा, म्हणजे अमोनियम क्लोराइडचा, लहानसा खडा विरघळवावा. दहा मिनिटांनी दोन्हींची चाचणी करावी. साध्या पाण्यात पिवळा रंग तत्काळ येतो, नवसागराच्या पाण्यात तो रेंगाळत येतो. मुक्त आणि संयुक्त क्लोरीनमधला फरक असा डोळ्यांना दिसतो. पाणी कोमट असेल तर हा फरक नीट कळत नाही. टीसीएल पावडर आणि कोणतेही आम्ल, विशेषतः संडास साफ करायचे आम्ल, कधीही एकत्र करू नये, कारण त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. हे विद्यार्थ्यांना आधी सांगावे आणि मगच प्रयोगाला हात घालावा.

तिसरे काम पुढच्या सहलीचे. विद्यार्थ्यांनी पावलांनी मुलांच्या तलावाची लांबी-रुंदी मोजावी, खोली पट्टीने घ्यावी, आतली मुले मोजावीत आणि दर मुलामागे किती लिटर पाणी येते ते काढावे. हा आकडा वहीत लिहून व्यवस्थापकांनाही दाखवावा. गर्दी झाली म्हणजे काही वेळ नव्या मुलांना थांबवावे, असे सांगायला दहावीच्या विद्यार्थ्याचे एवढे गणित पुरेसे आहे.